मोगली परत आला तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेले भाषण)



पारितोषिक वितरणाच्या दिवशी पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा रिवाज आहे. परंतु ते महत्त्व आपणांस पटलेले नसते, तर आपण हातातली कामे टाकून या मंडपात आलाच नसता. म्हणून पटलेलीच गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी मी आज एका कार्टूनविषयी बोलणार आहे. हे ऐकून मागच्या रांगेतील मुले हसली आणि पुढच्या रांगेतील बुजुर्गांच्या कपाळावर आठी पडली, हे मला इथून दिसते आहे. दोघांनीही थोडा वेळ धीर धरावा, एवढीच विनंती.

येथे बसलेल्या पालकांपैकी जे आज चाळिशीच्या आसपास आहेत, त्यांना ‘जंगल बुक’ म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागत असे. लांडग्यांनी वाढवलेला मोगली, त्याला शहाणपण शिकवणारा बघीरा, भला मोठा बल्लू आणि लंगडा शेरखान ही सारी मंडळी आमच्या घरचीच झाली होती.

त्या वेळी टीव्ही घरोघरी नव्हता. रविवारी मक्तबात सिपाऱ्याचा सबक झाला, की टोपी खिशात कोंबून आम्ही जी धूम ठोकत असू, ती थेट शेजारच्या काकूंच्या घरी. दारात चपलांचा ढीग पडे. सोप्यात वीस-पंचवीस पोरे दाटीवाटीने बसत. त्यांत शेख, मुल्ला, मुजावर असत, तसेच माने, जाधव, कांबळेही असत. काकू मूठमूठ भाजलेल्या शेंगा सर्वांच्या हातावर ठेवत आणि टरफले मात्र ज्याची त्याने उचलायची, असा त्यांचा सक्त हुकूम असे. चित्र नीट दिसावे म्हणून एक मुलगा कौलांवर चढून अँटेना धरून उभा राही. खालून आमचा ओरडा चाले, “आला, आला... गेला! जरा स्टेशनच्या बाजूला फिरव!” वरच्या मुलाला त्या दिवशी मोगली दिसत नसे. म्हणून आम्ही पाळ्या लावल्या होत्या. दर रविवारी नवा मुलगा छपरावर. मध्येच वीज गेली, तर राहिलेला भाग जो तो आपापल्या कल्पनेने सांगून पुरा करी आणि त्यावरून भांडणेही होत.

हे कार्टून आले कोठून, हे आम्हांला त्या वयात ठाऊक नव्हते. पुढे समजले तेव्हा मोठी गंमत वाटली. मूळ पुस्तक रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाचे. ते १८९४ साली प्रसिद्ध झाले. हे किपलिंग जन्माने मुंबईकर. ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या आवारात त्यांचा जन्म झाला, कारण त्यांचे वडील त्या शाळेत शिक्षक होते. पुस्तक लिहिले ते अमेरिकेत राहून. पण त्यातले जंगल मध्य प्रदेशातील सिवनीकडचे. त्याच भागातील पेंचचे जंगल आपल्या नागपूर जिल्ह्यातही पसरलेले आहे. या पुस्तकावरून जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली बावन्न भागांची चित्रमालिका तयार केली. त्या काळी संगणकाचा हात लागत नसे. पारदर्शक पत्र्यांवर एकेक चित्र हाताने रंगवावे लागे. फिल्म एका सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने पुढे सरकते. मोगलीने नुसती मान वळवली, तरी त्यामागे कोणा जपानी कलावंताची मेहनत असे. ती मालिका आपल्याकडे हिंदीतून आली, तेव्हा तिचे शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले आणि चाल विशाल भारद्वाज यांनी लावली. गुलजार यांचा जन्म शीख घरातला आणि ते लिहितात उर्दू लिपीत. त्या गाण्यात ‘चड्डी’ हा शब्द येतो. एवढ्या मोठ्या शायराने आपल्या घरातला शब्द गाण्यात घातला, याचा आम्हां पोरांना कोण आनंद! आणि शेरखानची ती गुरगुर होती आपल्या नाना पाटेकर यांची, म्हणजे मुरुड-जंजिऱ्याच्या मराठी माणसाची.

तेव्हा विचार करा. लेखक मुंबईत जन्मलेला इंग्रज, चित्रकार जपानी, गीतकार उर्दूचा शायर, वाघाचा आवाज कोकणातला, आणि पाहणारी पोरे रहिमतपूरची, एका काकूंच्या सोप्यात मांडीला मांडी लावून बसलेली. गोष्टही कशाची, तर आपल्या जातीचे नसलेले पिल्लू लांडग्यांच्या आईने पोटाशी धरले त्याची. आम्हांला कोणी एकतेवर भाषण दिले नाही. आम्ही फक्त शेंगा खात बसलो होतो.

अशा गोष्टी काही वर्षांनी परत येतात. २०१६ साली ‘जंगल बुक’ मोठ्या पडद्यावर नव्याने आला. त्याच्या हिंदी आवृत्तीतही शेरखानला नाना पाटेकर यांनीच आवाज दिला आणि ते जुने गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित करून जाहिरातीत वाजवले गेले. मराठीतही असे घडले आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली दैनिक ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि २०१२ साली त्याच्यावर चित्रपट निघाला. यात व्यापाराचाही भाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांनी लहानपणी ही पात्रे पाहिली, तेच आज मुलांचा हात धरून तिकीट काढणारे झाले आहेत. आपल्या आठवणींना बाजारात किंमत आलेली आहे.

गेल्या दिवसांच्या या ओढीला इंग्रजीत ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमध्ये हा शब्द बनवला, तो एका आजाराचे नाव म्हणून! घरापासून दूर असलेल्या माणसांना घराच्या आठवणीने जी व्याधी जडते, तिचे ते नाव होते. ग्रीक भाषेतील ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ हे दोन शब्द त्याने जोडले. मराठीत आपण याला स्मरणरंजन म्हणतो. म्हणजे त्यांच्या शब्दात दुखणे आहे आणि आपल्या शब्दात करमणूक. खरे पाहता त्यात दोन्ही असते, याचा अनुभव मला २०२० साली आला. तोच आज सांगावयाचा आहे.

त्या वर्षी २५ मार्चपासून करोनामुळे देश बंद झाला. लोक घरात कोंडले गेले. दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवण्यास सुरुवात केली. प्रथम ‘रामायण’ आले आणि ८ एप्रिलपासून रोज दुपारी एक वाजता ‘जंगल बुक’. बातमी वाचून मी लहान मुलासारखा हरखलो. बरोबर एक वाजता घरातल्या सर्वांना हाक मारून बसवले. गाणे सुरू झाले आणि माझा गळा दाटून आला. माझा मुलगा त्या वेळी आठ वर्षांचा होता, म्हणजे मी मोगली पाहिला त्याच वयाचा. मला वाटले, आता हाही माझ्यासारखाच खुलेल.

तो दहा मिनिटे अदबीने बसला. मग म्हणाला, “अब्बा, हे किती हळू चालतं! चित्रंपण अंधूक आहेत. मी जाऊ का?”

मी म्हणालो, “बैस. पुढे मजा आहे.”

पाच मिनिटांनी पुन्हा चुळबूळ सुरू झाली. तेव्हा मी चिडलो. “तुम्हां मुलांना चांगल्या गोष्टीची कदरच नाही,” असे सर्वांसमोर त्याला बोललो. तो काही न बोलता उठून आत गेला. घरातली बाकीची मंडळीही एकेक करून आपापल्या कामाला लागली. मी एकटा मोगलीसमोर बसून राहिलो आणि खरे सांगतो, मलाही करमेना. मोगली तोच होता, गाणे तेच होते, आता तर छपरावर कोणी चढावेही लागत नव्हते. तरी काहीतरी नव्हते.

त्या दुपारी मला दादीची आठवण आली.

आमची दादी शाळेत गेलेली नव्हती. शेजारणींशी मराठी आणि घरात दखनी, अशा दोन भाषा ती सारख्याच सफाईने बोले. रात्री इशाच्या नमाजनंतर ती आम्हां भावंडांना किस्सा सांगत असे. तिचा आवडता किस्सा हातिमताईचा. हुस्नबानू सात सवाल घालते आणि हातिम त्यांची उत्तरे शोधत देशोदेशी हिंडतो, तेही स्वतःसाठी नव्हे, मुनीरशामी या दुसऱ्याच्या मुरादीसाठी. दादीच्या किश्शातला हातिम कृष्णा नदी ओलांडी. आपल्या गावातील रणदुल्लाखानाच्या मकबऱ्याच्या सावलीत दुपारचा विसावा घेई. भूक लागली की भाकरी आणि खर्डा खाई. एकेक सवाल तिला आठ-आठ रात्री पुरत असे.

चार सवाल झाले आणि ‘जंगल बुक’ आले. त्याच सुमारास आमच्या घरीही टीव्ही आला. मग रविवार पुरेना, रोजची संध्याकाळ आणि रात्रही त्याच्यासमोर जाऊ लागली. दादी हाक मारी, “आ रे बेटा, पाँचवाँ सवाल सुनाती.” मी पडद्यावरची नजर न काढता म्हणे, “कल, दादी.” ती रागावत नसे. “अच्छा,” म्हणून तस्बीह हातात घेई. पुढल्या वर्षी थंडीत दादीचा इंतकाल झाला. पाचवा, सहावा आणि सातवा सवाल तिच्याबरोबर गेला.

कॉलेजात असताना मी हातिमताईचा किस्सा पुस्तकातून वाचला. सातही सवाल मिळाले, उत्तरेही मिळाली. पण त्यात कृष्णा नदी नव्हती, आपला मकबरा नव्हता आणि खर्डाही नव्हता. तो हातिम आमच्या घरचा नव्हता.

मुलाला मी बेकदर म्हणालो. पण त्याने मला जे केले, तेच मी दादीला केले होते. फरक एवढाच की दादीने मला कधी बोल लावला नाही.

किपलिंग यांच्या आत्मचरित्रात एक गोष्ट आहे, ती येथे सांगण्याजोगी आहे. मुंबईत लहान असताना त्यांना सांभाळणारी एक गोव्याची ख्रिस्ती आया होती आणि मीता नावाचा एक हिंदू नोकर होता. दुपारी झोपण्यापूर्वी ही दोघे त्यांना गोष्टी आणि गाणी ऐकवत. त्या मुलाला इथली भाषा इतकी अंगवळणी पडली होती, की आईवडिलांकडे नेताना आता इंग्रजीत बोल, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे. सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले गेले. पुढे हे गृहस्थ साम्राज्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले आणि त्यांची ती मते आपणांस मान्य होण्यासारखी नाहीत. तथापि त्या दुपारच्या गोष्टी आपण विसरलो नाही, असे त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवले. १९०७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या आयाला कोणतेच पारितोषिक मिळाले नाही. पण ज्या मुलाने पुढे मोगली लिहिला, त्याच्या कानावर पहिल्या गोष्टी पडल्या त्या तिच्या आणि मीताच्या तोंडून, हे आपण ध्यानात ठेवावे.

असो. त्या दिवशी संध्याकाळी मी मुलाजवळ जाऊन बसलो. म्हणालो, “बेटा, मी उगाच रागावलो.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “अब्बा, तुम्ही हे कुणाबरोबर बघायचा?”

मी त्याला काकूंचा सोपा सांगितला. चपलांचा ढीग, शेंगा आणि छपरावरची पाळी सांगितली. दुपारी चुळबूळ करणारा मुलगा आता डोळे मोठे करून ऐकत होता. “तुमची पाळी असताना पाऊस आला तर?” असे त्याने विचारले. माझी पाळी असताना पाऊस आला होता आणि मी भिजत उभा राहिलो होतो, हे मला सत्तावीस वर्षांनी त्या प्रश्नामुळे आठवले.

मग रोज रात्री हा परिपाठच पडला. छपरावरून गाडी दादीवर आली आणि दादीवरून हातिमवर. चार सवाल मी जमेल तसे दादीच्या बोलीत सांगितले. पाचव्यापाशी थांबलो. मुलगा म्हणाला, “पुढचं?”

मी म्हणालो, “पुढचं पुस्तकातलं सांगेन. दादीचं मला ठाऊक नाही. मी ऐकलंच नाही.”

तो विचार करून म्हणाला, “मग आपण दोघं करू या ना!” आमच्या पाचव्या सवालात हातिम मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसला आणि रहिमतपूर स्टेशनवर उतरला. दादीला हे कितपत रुचले असते, मला ठाऊक नाही. पण खर्डा आम्ही कायम ठेवला. मुलाला मोगली त्यानंतर फार आवडू लागला, असे मी म्हणणार नाही. तो अधूनमधून माझ्याशेजारी येऊन बसे, दोन प्रश्न विचारी आणि जाई. माझे तेवढ्याने भागले.

मित्रहो, यातून मला जे समजले ते असे. आपल्याला लहानपणीचे कार्टून परत हवे असते, असे आपणांस वाटते. वस्तुतः आपल्याला हवा असतो तो दाटीवाटीचा सोपा, शेजाऱ्याच्या कोपराचा धक्का आणि आपल्यासाठी कोणीतरी वर अँटेना धरून उभे आहे ही खात्री. कार्टून तर आज हवे तेव्हा मोबाइलवर मिळते. पण ते पाहणारे मूल कोपऱ्यात एकटे असते आणि त्याच्या तीस वर्षांनंतरच्या आठवणीत त्याच्याशेजारी कोण बसलेले असणार, हा प्रश्न आपण पालकांनी स्वतःला विचारावयाचा आहे.

म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली पालकांना. आमच्या वेळचेच चांगले होते, हे वाक्य मुलांसमोर बोलू नका. प्रत्येक पिढीला ते खरेच वाटत आलेले आहे. त्याऐवजी मूल जे पाहते आहे त्याच्याशेजारी रोज अर्धा तास बसा. नको ते पाहत असेल, तर तेही शेजारी बसल्यावरच कळते. नुसता मोबाइल हिसकावून घेतल्याने मूल आपल्याजवळ येत नाही.

दुसरी विनंती विद्यार्थ्यांना. या सुट्टीत एक वही घ्या. दादी, नानी, आजोबा किंवा मोहल्ल्यातील कोणीही बुजुर्ग असतील, त्यांच्याकडून एक किस्सा ऐका. ते ज्या भाषेत सांगतील, दखनी असो, मराठी असो वा उर्दू, त्याच भाषेत आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. ते म्हणाले तसेच लिहा, ‘शुद्ध’ करू नका. वरती सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख घाला. हातात मोबाइल आहेच, तर त्यांचा आवाजही त्यात साठवून ठेवा. किस्सा अर्धा राहिला, तर दुसऱ्या दिवशी आवर्जून जा. ‘कल, दादी’ एवढे मात्र म्हणू नका.

तिसरी विनंती आपल्या संस्थेला. या वह्या वाया जाऊ देऊ नयेत. त्यांतील निवडक किस्से शाळेच्या भित्तिपत्रकावर लावावेत आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांना चार पाने द्यावीत. गुणवंतांच्या फोटोंशेजारी सांगणाऱ्या दादी-नानींचीही नावे छापून आली, तर त्या माउलींना आणि आपणां सर्वांनाही बरे वाटेल.

आज ज्यांना बक्षिसे मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी खट्टू होऊ नये. आमच्या काकूंच्या सोप्यात दर रविवारी एका मुलाला काहीच दिसत नसे, पण त्याच्यामुळे बाकी सर्वांना दिसत असे. आपल्या घरात आणि या संस्थेत अशी अनेक माणसे छपरावर उभी आहेत. अंगणात सतरंज्या अंथरणारे, पहाटे उठून डबे भरणारे, फीसाठी पदरमोड करणारे. त्यांचीही कधीतरी आठवण ठेवा, आणि आपली पाळी आली की कुरकूर न करता वर चढा.